ठशाची रेघ आणि मार्करची शाई

रबरी ठशाने कागदावर चित्राच्या काळ्या रेघा उमटवायच्या आणि मोकळ्या जागांत मार्करने रंग भरायचा, हे काम दिसायला बालवाडीच्या चित्रवहीसारखे आहे. तरीही फुलाच्या पाकळीत पिवळा रंग भरताना काळी रेघ फुटते, पिवळ्याचा शेवाळी होतो आणि मार्करचे टोकही काळे पडते. दोष हाताचा नसतो. ठशाची शाई ज्या द्रवात विरघळते, तोच द्रव मार्करमध्येही असतो, म्हणून हे होते. मार्कर निवडताना रंग, किंमत आणि कंपनी यांच्याआधी त्यातला रंग पाण्यात आहे की अल्कोहोलमध्ये, हे पाहावे लागते. बाकीचे बहुतेक नियम त्या एका उत्तरातून निघतात.

मार्करची रचना सोपी आहे. नळीत शाईने भिजलेली तंतूंची गुंडाळी असते आणि तिला टेकलेले सच्छिद्र टोक बाहेर आलेले असते. दिव्याच्या वातीत तेल चढते त्याच केशाकर्षणाने शाई गुंडाळीतून टोकात आणि टोकातून कागदात उतरते. नमद्याचे टोक असलेल्या लेखणीचे पेटंट अमेरिकेत ली न्यूमन यांनी १९१० मध्ये घेतले. सिडनी रोझेन्थाल यांचा ‘मॅजिक मार्कर’ १९५३ मध्ये आला. कागदकामाच्या दृष्टीने खरा बदल १९६२ चा. त्या वर्षी जपानमध्ये युकिओ होरिए यांनी कृत्रिम तंतू एकत्र बांधून बारीक, ताठ टोकाचे पेन तयार केले. त्यांची कंपनी पुढे पेंटेल या नावाने ओळखली जाऊ लागली. शाळेच्या दप्तरातला स्केचपेन हा याच घराण्यातला.

टोकांचे तीन आकार नेहमी भेटतात. गोल टोक रेघेला बरे, पण मोठ्या जागेत त्याचे पट्टे दिसतात. छिन्नीसारखे तिरपे टोक पार्श्वभूमी लवकर भरते आणि कोपऱ्यात अडते. कुंचल्यासारखे लवचिक टोक दाब कमी-जास्त केला की केसासारखी रेघही देते आणि बोटभर पट्टाही. ठशांच्या कामात एकच टोक निवडायचे झाले तर ते हेच, कारण ठशांच्या चित्रांत जागा लहान आणि वळणदार असतात. मात्र कुंचला-टोकातही फरक असतो. काही टोके एकसंध सच्छिद्र पदार्थाची असतात, तर काहींत खऱ्या कुंचल्यासारखे सुटे नायलॉनचे केस असतात. दुसरा प्रकार सुरेख चालतो, पण हात बसायला वेळ घेतो.

आता आतल्या रंगाकडे. रंग द्रवात दोन प्रकारे राहतो. साखर पाण्यात मिसळते तसा काही रंग पूर्ण विरघळतो. असा रंग पारदर्शक आणि तजेलदार दिसतो, कागदाच्या तंतूंत शिरतो, पण उन्हात लवकर विटतो. दुसरा प्रकार गेरूसारखा. गेरू पाण्यात कितीही कालवला तरी त्याचे कण वेगळेच राहतात. अशा कणांच्या शाईत कण कागदाला चिकटवून ठेवणारा पदार्थ घालावा लागतो. ती बहुधा अधिक अपारदर्शक असते, कागदाच्या पृष्ठभागावर बसते आणि सहसा जास्त टिकते. ठशांच्या चित्रांत रंग भरण्याचे बहुतेक मार्कर पहिल्या प्रकारचे असतात. त्यांचेच पुन्हा पाण्याचे आणि अल्कोहोलचे असे दोन पंथ होतात.

पाण्याच्या मार्करमध्ये शाळकरी स्केचपेनपासून टोम्बोच्या दुटोकी ब्रश पेनपर्यंत आणि कुरेताकेच्या झिग मालिकेपर्यंत सगळे येतात. त्यांना फारसा वास नसतो आणि हाताला लागलेला रंग धुतला जातो. ठशाच्या कामात त्यांचा सर्वांत मजेदार उपयोग मात्र कागदावर होतच नाही. मार्करने थेट ठशाच्या रबरावरच रंग लावता येतो. फुलाचा ठसा असेल तर पाकळ्यांना गुलाबी, देठाला हिरवा आणि मधल्या भागाला पिवळा रंग लावायचा, म्हणजे एकाच दाबात तिरंगी ठसा उमटतो. रंग लावताना कुंचला-टोकाची बाजू वापरावी आणि फिक्याकडून गडदाकडे जावे, नाहीतर फिके टोक गडद रंग उचलते. तिसरा रंग लावेपर्यंत पहिला सुकलेला असतो. अशा वेळी चष्म्याची काच पुसताना तोंडाची वाफ सोडतात तशी ठशावर जवळून एक-दोनदा वाफ सोडली की रंग पुन्हा ओला होतो. मग ठसा न हलवता, न डोलवता दाबून सरळ वर उचलावा. पुन्हा वाफ सोडून दुसरा, फिकट ठसाही घेता येतो. दूरची फुले दाखवायला तो कामी येतो.

ही युक्ती लाल रबराच्या ठशावर जितकी सहज जमते तितकी पारदर्शक फोटोपॉलिमरच्या ठशावर जमत नाही. तिथे पाण्याचा रंग अळूच्या पानावरल्या पाण्यासारखा थेंब-थेंब होऊन गोळा होतो. नवा ठसा खोडरबराने हलकेच घासला की पृष्ठभागाची चकाकी मोडते आणि रंग बराच सारखा बसू लागतो. अल्कोहोलचे मार्कर या कामाला निरुपयोगी, कारण ठसा कागदापर्यंत पोचायच्या आत ते सुकतात.

पाण्याचा मार्कर कागदावर वापरायचा असेल, तर त्याला जलरंगाची वडी समजणे सोयीचे. चिनी मातीच्या पांढऱ्या बशीवर किंवा प्लास्टिकच्या तुकड्यावर मार्कर गिरवावा, ओल्या कुंचल्याने तो रंग उचलावा आणि चित्रात न्यावा. दुसरी रीत म्हणजे रेघेच्या कडेने मार्करचा पट्टा ओढून लगेच ओल्या कुंचल्याने तो आतल्या बाजूला ओढणे. कडेला गडद आणि मध्ये फिकट अशी गोलाई आपोआप येते. नुसत्या मार्करने पुन्हा पुन्हा घासून छटा मिसळायला गेले की कागदाच्या बारीक गोळ्या निघतात. पाणी कागदाच्या तंतूंत शिरून ते फुगवते, त्यांची एकमेकांवरची पकड सैल करते आणि टोकाच्या घर्षणाने ते सुटतात. काळा किंवा तपकिरी मार्कर पाण्याने ओढला की त्यातून कधी निळा, कधी जांभळा, कधी नारिंगी रंग डोकावतो. ती भेसळ नव्हे. गडद रंग अनेक रंग एकत्र करून केलेला असतो आणि पाण्याबरोबर प्रत्येक रंग वेगळ्या वेगाने पसरतो. शाळेत टिपकागदाच्या पट्टीवर शाईचा ठिपका देऊन ती पाण्यात धरण्याचा प्रयोग याच तत्त्वाचा. सावली रंगवताना हे फुटलेले रंग शोभूनही दिसतात. सपाट करडा हवा असेल तेव्हा मात्र ते त्रास देतात.

अल्कोहोलच्या मार्करचे गणित वेगळे. अल्कोहोल तंतू फुगवत नाही आणि काही क्षणांत उडून जाते. म्हणून कागद वाकत नाही, गोळ्या निघत नाहीत आणि एकाच जागी पाच-सहा थर बसतात. नव्या थरातले अल्कोहोल खालचा सुकलेला रंग पुन्हा विरघळवते, त्यामुळे दोन छटांमधली सीमा पुसली जाते. मार्करच्या रंगकामात दिसणारी नितळ गोलाई, पट्टे नसलेले आकाश आणि चेहऱ्यावरची सावली या गुणातून येते.

या प्रकारातले सर्वांत प्रसिद्ध नाव कॉपिक. जपानच्या टू कंपनीने हे मार्कर १९८७ मध्ये आणले. तेव्हा आरेखनकार छायाप्रतीवर रंग भरत आणि त्या काळचे अनेक मार्कर प्रतीवरचा टोनर विरघळवून काळा चिखल करीत. टोनर न विरघळवणारी शाई हे कॉपिकचे वैशिष्ट्य होते. नावही ‘कॉपी’वरूनच पडले. घरी लेझर प्रिंटरवर छापलेल्या रेखाचित्रात रंग भरणाऱ्यांना हा गुण आजही उपयोगी पडतो.

कॉपिकच्या टोपणावरचे आकडे समजून घेण्यासारखे आहेत, कारण ते रंगांच्या नात्याची भाषा शिकवतात. आधी रंगकुळाचे अक्षर येते: लालासाठी आर, हिरव्यासाठी जी, मातकट तपकिरी रंगांसाठी ई. पुढचा पहिला अंक रंगाचा तजेला सांगतो. शून्य म्हणजे झगझगीत, नऊ म्हणजे करड्याकडे झुकलेला. शेवटचा अंक गडदपणाचा. त्यामुळे आर २२, आर २४ आणि आर २७ हे एकाच कुळातले, एकाच तजेल्याचे आणि क्रमाने गडद होत जाणारे लाल आहेत, हे रंग न पाहताही कळते. शेवटच्या अंकांत दोन-तीनचे अंतर असलेली अशी तिकडी सहज मिसळते. दुसऱ्या कंपनीच्या मार्करवर हे आकडे नसले तरी फिका, मधला आणि गडद ही तिकडी डोळ्यांनी जुळवता येते.

रंग भरण्याची रीत अशी. आधी फिक्याने सगळी जागा ओली करून घ्यायची. ती सुकायच्या आत सावलीच्या बाजूला गडद लावायचा. दोघांच्या सीमेवर मधली छटा, आणि शेवटी पुन्हा फिक्याने सगळ्या सीमांवरून बारीक गोल गोल हात फिरवायचा. नवशिके हा शेवटचा हात सोडून देतात आणि मग रंग मिसळत नाहीत म्हणून मार्करला दोष देतात. अल्कोहोलचा रंग टोकाच्या पुढेही थोडा पसरतो. म्हणून काळ्या रेघेच्या अलीकडे केसभर थांबावे, उरलेली जागा रंग आपण होऊन गाठतो. पान भिजून रंग मागे उतरणे या पद्धतीत अटळच आहे. खाली रद्दी कागद ठेवावा, आणि शुभेच्छापत्राच्या घडीवर थेट रंगवण्याऐवजी वेगळ्या तुकड्यावर रंगवून तो वर चिकटवावा. रंगहीन मार्कर, म्हणजे नुसते अल्कोहोल भरलेले पेन, खोडरबरासारखे वापरायला लोक घेतात. ते रंग पुसत नाही, बाजूला ढकलते. बाहेर गेलेला रंग त्याने आत ढकलता येतो, आणि गालावरचा उजळ ठिपका किंवा कापडाचा पोत त्याने छान निघतो.

सगळ्यांत जास्त चित्रे बिघडतात ती ठशाची शाई आणि मार्कर यांच्या जोडीत. नियम एका ओळीचा आहे: रंग पाण्याचा असेल तर रेघ पाण्यात न विरघळणारी हवी, आणि रंग अल्कोहोलचा असेल तर रेघ अल्कोहोलला दाद न देणारी हवी. गोंधळ होतो तो ‘पर्मनंट’ या शब्दामुळे. पॅडवर पर्मनंट लिहिले की ते सगळ्यांपुढे टिकेल असा समज होतो. स्टेझऑन ही शाई काच, धातू, प्लास्टिक यांवरही बसते आणि पाण्याने हलत नाही, म्हणून तिच्या रेघेत जलरंग निर्धास्त भरावा. पण ती द्रावकात बनवलेली असल्याने अल्कोहोलचा मार्कर लागताच फुटते. व्हर्साफाइन तेल आणि रंगकणांची. तिची बारीक रेघ फार सुबक येते आणि सुकल्यावर पाण्याला टिकते, पण अल्कोहोलपुढे तीही पसरते. उलट मेमेंटो ही पाण्यातल्या विद्राव्य रंगाची शाई. ती अल्कोहोलच्या मार्करखाली शांत बसते, म्हणून त्या मार्करांची ती नेहमीची जोडीदार, आणि तिच्यावर पाण्याचा कुंचला फिरवला तर रेघ पसरू शकते. थोडक्यात, एका कामाची उत्तम शाई दुसऱ्या कामात नापास होते. दोन्ही प्रकारचे मार्कर वापरणाऱ्याला काळ्या शाईची दोन पॅडे ठेवावीच लागतात.

कचेरीतल्या शिक्क्याचे जांभळे पॅड या कामात कुणाच्याच उपयोगाचे नाही. पॅड वाळू नये म्हणून त्यात सुकायला वेळ लावणारा द्रव असतो, आणि त्यातला जांभळा रंग पाणी आणि अल्कोहोल दोन्हींत सुखाने विरघळतो.

अनोळखी पॅड पारखायला प्रयोगशाळा लागत नाही. कामाच्याच कागदाच्या तुकड्यावर ठसा मारून तो पूर्ण सुकू द्यावा. एका बाजूला ओल्या कुंचल्याने पाणी फिरवावे, दुसऱ्या बाजूला अल्कोहोलच्या सॅनिटायझरचा थेंब ठेवून टिपावा. रेघ कुठे फुटते ते मिनिटभरात दिसते. मार्करचीही ओळख याच रीतीने पटते: सुकलेली रेघ पाण्याने पसरली तर मार्कर पाण्याचा, पाण्याला टिकून सॅनिटायझरने पसरली तर अल्कोहोलचा, आणि दोन्हींना टिकली तर बहुधा रंगकणांचा. यात घाई नको. तेलाच्या शाईला सुकायला वेळ लागतो, आणि दमट पावसाळ्यात तर जास्तच. वरवर सुकलेली रेघ बोटाला लागत नाही, पण मार्करला लागते.

पूड वितळवून उठावदार केलेली रेघ, म्हणजे हीट एम्बॉसिंग, रंग अडवणाऱ्या बांधासारखी काम करते आणि पाण्याच्या रंगांना ती फार सोयीची. अल्कोहोलच्या मार्करने मात्र काही पुडींचा थर मऊ पडतो आणि मार्करच्या टोकाला चिकटतो. म्हणून रंग बांधाला न टेकवता भरावा, किंवा आधी तुकड्यावर पाहावे. पूड तापवणारी हवेची बंदूक आणि अल्कोहोलने ओला कागद यांना एकत्र आणू नये. अल्कोहोल पेट घेते.

कागदाचा प्रश्नही पुन्हा द्रवाशीच येतो. कापडाला खळ देतात तशी कागदालाही देतात. खळ जितकी चांगली तितका द्रव हळू शिरतो. छपाईचा ७५ किंवा ८० जीएसएमचा कागद ठशाला पुरतो, पण मार्करला नाही. त्यावर रंग फुटतो आणि खालच्या पानावर उतरतो. पाण्याच्या मार्करला जलरंगाचा कागद हवा. ३०० जीएसएमचा सुती कागद पाणी भरपूर पितो, वाकत नाही आणि रंगाला हलायला वेळ देतो. पण त्याच्या खडबडीत पृष्ठभागावर ठशाची बारीक रेघ तुटते, म्हणून ठशांसाठी गुळगुळीत, दाबलेला जलरंगाचा कागद बरा. अल्कोहोलच्या मार्करला वेगळाच कागद लागतो: गुळगुळीत, दाट, पांढरा, २०० ते ३०० जीएसएमच्या आसपासचा. तो शाई थोडी पिणारा हवा, नाहीतर थर मिसळत नाहीत, आणि जास्त पिणारा नको, नाहीतर रंग रेघ ओलांडतो आणि मार्कर भराभर रिकामा होतो. चकचकीत लेप दिलेल्या कार्डावर रंग वर तरंगतो आणि पट्टे पडतात. दुकानात आयव्हरी शीट म्हणून मिळणारे कार्ड कधी छान निघते, कधी नाही. एक नग आणून पारखावा, मगच डझन घ्यावेत.

महाराष्ट्रात हातकागदाचे आकर्षण मोठे आहे. पुण्याला शिवाजीनगरात हातकागद संस्था आहे, आणि लग्नपत्रिका, दिवाळीची शुभेच्छापत्रे यांना हा कागद अनेकांना हवासा वाटतो. सुती चिंध्यांपासून केलेला असा कागद जाड आणि देखणा असतो, पण पृष्ठभाग उंचसखल असल्याने बारीक रेघांचा ठसा त्यावर अर्धाच उमटतो आणि कमी खळीचा कागद अल्कोहोलचा मार्कर घटाघटा पितो. त्याचा उपयोग बाहेरच्या पानाला आणि चौकटीला करावा, किंवा त्यावर ठळक, भरीव ठसे मारावेत. रंगकाम वेगळ्या कार्डावर करून त्यावर डकवणे सर्वांत सुरक्षित.

पारदर्शक मार्करना एक गोष्ट जमत नाही: गडदावर फिके रंगवणे. काळ्या किंवा तपकिरी कार्डासाठी रंगकणांचे अपारदर्शक मार्कर लागतात. मित्सुबिशी पेन्सिल कंपनीचे पोस्का हे त्यातले ओळखीचे नाव. वापरण्यापूर्वी ते हलवावे लागतात, कारण कण तळाला बसतात. आत खुळखुळणारी गोळी त्यासाठीच असते. डोळ्यातला चमकता ठिपका, फळावरची चकाकी, बर्फाचे कण यांना पांढरे जेल पेन पुरते. ते सर्वांत शेवटी, रंग पूर्ण सुकल्यावर वापरावे. आधी वापरले तर मार्करचे टोक पांढरे ओढून घेते आणि ठिपका मळतो. चंदेरी-सोनेरी आणि चमकीच्या पेनांनाही हाच क्रम लागू. त्यांचा मोह मात्र आवरता घ्यावा. एका पत्रावर एका जागी चमक उठून दिसते, पाच जागी असली की मिठाईच्या खोक्यासारखी वाटते.

खरेदीत ६० किंवा ८० रंगांचा स्वस्त संच नेहमी खुणावतो. त्यात अडचण अशी की रंग पुष्कळ असतात पण नाती कमी. आठ हिरवे असतात, आणि त्यांतले तीन एकमेकांत मिसळणारे निघतीलच असे नाही. त्याऐवजी पाच-सहा तिकड्या घ्याव्यात: एक करडी, एक त्वचेच्या छटांची, एक पानांची, एक लाल, एक निळी, जमल्यास एक पिवळ्या-मातकट रंगाची. करड्या तिकडीवर खर्च करायला लोक कचरतात, पण जमिनीवरची सावली तिनेच पडते आणि चित्र हवेत तरंगायचे थांबते. लहान मुलांसाठी पाण्याचेच मार्कर घ्यावेत. वास उग्र असलेले जुन्या पद्धतीचे पर्मनंट मार्कर, ज्यांत झायलीनसारखी द्रावके असू शकतात, बंद खोलीतल्या तासन्‌तासच्या रंगकामाला योग्य नाहीत. भारतीय बाजारात आता दोन्ही पंथांचे मार्कर मिळतात. १९३१ मध्ये दांडेकर बंधूंनी मुंबईत शाईच्या धंद्यापासून सुरू केलेल्या कॅम्लिनचे ब्रश पेन तर गल्लीतल्या दुकानातही सापडतात.

संच कोणताही असो, पहिल्या दिवशी कामाच्याच कागदावर प्रत्येक रंगाचा एक चौकोन रंगवून त्याखाली क्रमांक लिहून ठेवावा. टोपणाचा रंग आणि कागदावरचा रंग सहसा जुळत नाहीत, आणि ओला रंग सुकल्यावर आणखी बदलतो. या तक्त्यातलाच एकेक चौकोन अर्धा झाकून खिडकीत काही आठवडे ठेवला, तर कोणता रंग किती विटतो तेही समजते. अल्कोहोलच्या मार्करचे रंग उजेडात फार टिकत नाहीत. पाकिटात राहणाऱ्या पत्राला त्याची बाधा नाही, पण भिंतीवर लावायचे चित्र उन्हापासून दूर ठेवावे, किंवा आधीच रंगकणांच्या शाईने करावे.

दुटोकी मार्कर आडवे ठेवावेत. उभे ठेवले तर शाई खालच्या टोकाकडे उतरते आणि वरचे कोरडे पडते. एकटोकी तंतूचे पेन आडवे किंवा टोक खाली करून चालते. टोपण ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबावे, कारण अल्कोहोल बारीकशा फटीतूनही उडून जाते आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात तर फारच लवकर. गडद रंग लागून मळलेले फिके टोक रद्दी कागदावर रंग स्वच्छ येईपर्यंत गिरवले की पूर्ववत होते. पाण्याच्या मार्करचे वाळलेले टोक कधी कधी पाण्याच्या थेंबाने जागे होते. अल्कोहोलच्या मार्करला त्याच कंपनीची भरणशाई लागते, आणि ती न मिळणारा मार्कर स्वस्त असला तरी एकदा वापरून टाकायचाच ठरतो. ठसे वापरल्याबरोबर ओल्या फडक्याने पुसावेत. रबरावर डाग राहिला तरी बिघडत नाही. राहू द्यायची नाही ती खाचेत वाळलेली शाई, कारण पुढच्या वेळी तिथली रेघ जाड उमटते.